सोमवारी न सांगितलेली ओळ

प्रमिलाताई, आधी क्षमा मागते. तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार ज्यांचा आहे, ती माणसे वेगळी आहेत. मनोहरभाऊंनी तुमच्याबरोबर छत्तीस वर्षे संसार केला. पल्लवी तुमच्या पोटची मुलगी. मी समोरच्या घरात राहणारी एक निवृत्त शिक्षिका. प्रश्नपत्रिका आणि प्रगतिपुस्तकांवरचे शेरे यांखेरीज वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी काहीही लिहिलेले नाही. वाचकांचीही क्षमा मागते. ज्यांनी तुम्हाला कधी पाहिले नाही, त्यांच्यादेखत मी तुमच्याशी बोलते आहे. हे रीतीला धरून आहे की नाही, मला ठाऊक नाही.

तरीही लिहिते आहे, याचे कारण एवढेच, की पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला सांगितले होते आणि मी उठले नाही. वंदना झाली, धम्मपालन गाथा झाली, मग एकेक जण तुमच्याविषयी बोलू लागला. भिवापूरहून आलेली तुमची धाकटी बहीण बोलता बोलता खाली बसली. मनोहरभाऊंचे हिंगण्याच्या कारखान्यातले जुने सोबती बोलले. तुम्ही डब्यात चार पोळ्या जास्तीच्या घालत होतात, असे त्यांनी सांगितले. मग कोणी तरी म्हणाले, "आता मॅडम दोन शब्द बोलतील." मी मान हलवली. माझ्यासमोर तुमच्या फोटोचा फलक होता. त्यावरचा ‘आदरांजली’ हा शब्द नीट लिहिला आहे की नाही, हे मी तपासले. तो नीट होता. त्यानंतर मला तिथे करण्यासारखे काही उरले नाही.

दोन शब्दांत सांगता येण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. जे होते, ते सभेत सांगण्यासारखे नव्हते.

तुम्ही आणि मी अकरा वर्षे समोरासमोर राहिलो आणि त्यांपैकी पहिली पाच वर्षे केवळ मान हलवून काढली, ती माझ्या स्वभावामुळे. पल्लवी अकरावी-बारावीत माझ्याकडे जीवशास्त्राला होती, तेवढीच ओळख. नंतर तुम्हाला मधुमेह निघाला आणि एका दुपारी तुम्ही दारात उभ्या राहिलात. हातात औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद होता. उलगडला तर हातभर लांब, आणि अक्षरे इतकी बारीक, की मी खिडकीपाशी गेले.

"मॅडम, ह्या मुंग्या वाचून द्या बरं मले," तुम्ही म्हणालात.

असा कागद सहसा कोणाच्या हाती पडत नाही. दुकानदार स्ट्रिप कापून देतो, आणि खोक्यातला कागद त्याच्याच टोपलीत जातो. तुम्ही मात्र तो मागून घेत होतात. "मी म्हणलं त्याले, तुमाले रद्दी, आमच्या मॅडमले अभ्यास. देऊन टाका." त्या दिवशी मी एका रेघी पानावर चार रकाने आखले: गोळी कोणती, केव्हा घ्यायची, कशासाठी, आणि चौथा, ‘काय झाले तर’. तुम्ही ते पान भाताच्या शितांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. त्यानंतर गोळी बदलली, की पान बदलायचे, असा आपला शिरस्ता झाला.

तुम्ही मला चिडवत होतात, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. मी तीस वर्षे फळ्याकडे तोंड करून शिकवले, हे तुम्हाला पल्लवीने सांगितले होते. "आमची पोरगी म्हणते, दोन वर्षं मॅडमची नुसती वेणी पायली. बाजारात समोरून आल्या तर वळखू नाई आल्या!" मी हसले होते. खरे तर त्या मुलीने काही चुकीचे सांगितले नव्हते. फळ्यावर मी स्वादुपिंड मात्र चांगले काढत असे. जठराच्या मागे आडवे, पिवळ्या खडूने. ते अन्न पचवणारा रसही तयार करते आणि साखर सांभाळणारे संप्रेरकही, हे दोन्ही मुलांच्या एकाच वेळी लक्षात राहत नाही, म्हणून मी ते दरवर्षी दोनदा शिकवत असे. एवढे ज्ञान माझ्यापाशी होते. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगते.

माझी आई गेली, त्या वर्षी तुम्ही महिनाभर रोज दुपारी मिरचीचे गाठोडे घेऊन माझ्याकडे येत होतात. माहेराहून आलेली ती मिरची तुम्ही माझ्या पुढच्या खोलीत पसरायच्या आणि देठ खुडत बसायच्या. पहिल्या दिवशी मी विचारले, "इथे का?" तर म्हणालात, "आमच्या घरी जागा नाई." तुमच्या घरी जागा होती, गच्चीही होती. तुम्ही महिनाभर माझ्या आईविषयी एक अक्षर विचारले नाही. माझ्यापुढे थोडी मिरची सारून ठेवत होतात, एवढेच. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. ते मानायचे असतात, हे मला ठाऊक आहे. शब्द सापडेपर्यंत महिना संपला होता.

आता पहिल्या चुकीविषयी लिहिते. ती चूक होती की नव्हती, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

पहिल्या गोळीच्या पानावर, चौथ्या रकान्यात, मी सगळे लिहिले होते. मळमळ, तोंडाची चव जाणे, अशक्तपणा, चक्कर, आणि त्याखाली एक क्वचित होणारा, पण गंभीर प्रकार. कागदात जे आहे ते सारे लिहायचे, गाळायचे काही नाही, असे माझे मत होते. औषध जी व्यक्ती घेते, तिला ते कळलेच पाहिजे. पंधरा दिवसांनी तुम्हाला अशक्तपणा वाटला, नंतर चक्कर आली, आणि कोणालाही न सांगता तुम्ही गोळी बंद केलीत. पाच आठवडे. त्या काळात तुमच्या डाव्या पायाला चपलेने एक बारीकशी जखम झाली. ती भरेना. शेवटी करंगळी काढावी लागली.

दवाखान्यातून आलात तेव्हा मी तुमच्या घरी आले आणि उंबऱ्यापाशीच उभी राहिले. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "या नं आत. काहून तिथं उभ्या? एक गेली, नऊ हायेत."

"तुम्ही गोळी का बंद केलीत?" मी विचारले.

"तुमच्या कागदानं भेव लावलं मले, बाप्पा! सकाळी उठलं का तो कागद. चक्कर हाय का, हाय. तोंड कडू हाय का, हाय. मंग म्हणलं, ही गोळी मले मारून राहिली."

"पण ते तुम्हाला माहीत असायला हवेच होते."

"हवं होतं नं. मी कुठं नाई म्हणतो? पण सारं एकाच दमात नसते सांगाचं, मॅडम. नव्या सुनेले पयल्याच दिवशी साऱ्या घराची भांडणं सांगते का कोणी? पळून जाईन ना ती!"

मनोहरभाऊ मोठ्याने हसले. मीही हसले असेन. त्या दिवशी सुरू झालेला वाद आपण पुढे कितीदा तरी घातला. मी म्हणायची, माणसाला सगळे सांगितले पाहिजे. तुम्ही म्हणायच्या, माणूस पाहून सांगितले पाहिजे. मी म्हणायची, हे कोण ठरवणार? तुम्ही म्हणायच्या, "तुमी. तुमाले कायले शिकवलं मंग एवढं?" हा वाद संपला नाही. तुमचा मुद्दा बरोबर होता का, हे आता मला कोणालाही विचारता येत नाही. इतके मात्र खरे, की माझ्या नकळत मी तुमच्या बाजूला सरकत गेले.

मागच्या दिवाळीनंतर तुमची गोळी बदलली. डॉक्टरांनी ग्लिप्टिन गटातली एक गोळी दिली. तिने साखर एकदम खाली येत नाही, वजन वाढत नाही, तुमच्यासारख्यांना ती सोसते, असे त्यांनी सांगितले. तुम्ही नेहमीप्रमाणे कागद आणलात. मी तो खिडकीपाशी वाचला. त्यात एके ठिकाणी असे होते, की हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आल्याचे आढळले आहे. ती दुर्मीळ आहे. पोटात सतत आणि जोराचे दुखणे हे तिचे लक्षण असू शकते. तशी शंका येताच औषध थांबवावे आणि डॉक्टरांना गाठावे.

ती ओळ मी तीन वेळा वाचली. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात चहा ठेवत होतात, आणि चालताना तुमचे डावे पाऊल जरासे तिरपे पडत होते. मी तिरपे पडणारे ते पाऊल पाहिले. दुर्मीळ, असे कागदच म्हणत होता. तुम्हाला तर वर्षातून चार वेळा पोटात दुखत असे, कधी वांग्याने, कधी मिरचीने. दर वेळी तुम्ही गोळी बंद करणार आणि पुन्हा पाच आठवडे कोणाला सांगणार नाही, असा हिशोब मी केला. चौथ्या रकान्यात मी लिहिले: ‘काही त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगावे.’

असे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले असते, तर मी त्याला शून्य गुण दिले असते.

तुम्ही पान पाहिलेत आणि खूश झालात. "ह्या खेपेला बरं लिवलं. भेव नाई वाटत." मूळ कागद मी माझ्या कपाटात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

चार महिने काही झाले नाही. साखर उतरली. आपण रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारत होतो. तुम्ही बोलायचे, मी ऐकायचे. मग माहेराहून मिरची आली. त्या रविवारी संध्याकाळपासून तुमच्या पोटात दुखू लागले. हे मला सोमवारी दुपारी कळले, आणि मी चार वाजता तुमच्याकडे आले.

तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होतात. मांडीवर गोधडीची घडी, आणि तिच्यावर पोट दाबून पुढे वाकलेल्या. समोर देठ खुडलेल्या मिरचीची दोन पोती. सोडा घेऊन झाला होता, ओवा चावून झाला होता, थंड दूध पिऊन ते उलटूनही पडले होते.

"मिरचीची धग लागली," तुम्ही म्हणालात. "दरसाल लागते."

"दवाखान्यात जाऊ या का?"

"उद्या चक्कीचा वार हाय नं. मिरची मंगळवारीच दळते तो, मंग मशीन धुऊन टाकते. मंगळवार गेला का आठ दिवस बसा. दळून आणतो, मंग जाऊ." तुमच्या माहेरकडच्या बायका स्वतःविषयी असे ‘आणतो’, ‘जातो’ म्हणतात, तुमच्या तोंडी ते मला नेहमी आवडत असे.

"दुखते नेमके कुठे?"

तुम्ही छातीच्या खाली हात ठेवलात. मग तो हात वळवून पाठीवर नेलात. "इथून तिथं निघून राहिली कळ. वाकून बसलं का जराशी उतरते." आणि मग तुम्ही मान वर करून मला विचारलेत, "मॅडम, त्या गोळीनं होत असन का वं हे? कागदात असं कायी होतं का?"

प्रमिलाताई, ती ओळ मला पाठ होती. तिच्यातल्या स्वल्पविरामांसह पाठ होती. ‘होते’ असे म्हणायचे, एवढाच प्रश्न होता. पण ‘होते’ म्हटले असते, तर पुढचे वाक्य ‘मंग तुमी लिवलं काहून नाई?’ हे आले असते, आणि त्याचे उत्तर मला तुमच्या डोळ्यांत पाहून द्यावे लागले असते.

मी म्हणाले, "पाहून सांगते."

मी घरी आले. कपाटातून कागद काढला. जे पाठ होते, ते पुन्हा वाचले. मग एका चिठ्ठीवर लिहिले: ‘गोळी घेऊ नका, आजच दवाखान्यात चला, कारण नंतर सांगते.’ ती वाचून पाहिली. ‘कारण नंतर सांगते’ हे खोडले. कारण लिहून पाहिले. ते लांब झाले. चिठ्ठी पुन्हा लिहिली. दिवेलागण झाली, तेव्हा तुमच्या घरी पाहुण्यांचा आवाज ऐकू आला, आणि चार माणसांत हे कसे द्यायचे, असे वाटून मी सकाळवर टाकले. यातले काहीच मी घाईने केले नाही. प्रत्येक पायरीला मला योग्य वाटेल असे एक कारण होते.

सकाळी साडेआठला मी चिठ्ठी घेऊन आले, तर तुमच्या दाराला कुलूप होते. तुम्ही चक्कीवर गेला होतात. तिथे पोती उतरवून झाल्यावर तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि उलटी झाली. लोकांना वाटले, तिखटाचा ठसका आहे. त्यांनी पाणी दिले, वारा घातला. मनोहरभाऊंनी तिथूनच ऑटो केला.

दवाखान्यात रक्त तपासले, फोटो काढले. स्वादुपिंडाला सूज होती. तिने भलतेच रूप घेतले होते. तुम्ही आठ दिवस अतिदक्षता विभागात होतात. मला दोनदा आत सोडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात. मला पाहून हळूच म्हणालात, "तिखट दळून झालं का पाहा. गाळून ठेवजा." मी ‘हो’ म्हणाले. तुम्ही मला कागदाविषयी पुन्हा विचारले नाही. मीही सांगितले नाही. पुढच्या वेळी आत गेले, तेव्हा तुमच्या तोंडात नळी होती आणि विचारण्याचा प्रश्न उरला नव्हता.

पल्लवी पुण्याहून आली होती. तिने डॉक्टरांना विचारले, "हे कशाने झाले?" मी मागे उभी होते. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात बारीक खडे दिसले आहेत, त्यांनीही होऊ शकते. रक्तातल्या चरबीने होते. गोळीने होऊ शकते, पण तसे फार थोड्यांना होते. या बाईंना नेमके कशाने झाले, हे खात्रीने सांगता येणार नाही. पल्लवीने विचारले, "एक दिवस आधी आणले असते तर?" "लवकर आलेले केव्हाही चांगले," डॉक्टर म्हणाले. "पण यांच्यापुरते मी काय सांगू?"

म्हणजे माझ्याविषयी काहीच सिद्ध झाले नाही. गोळी होती की खडे, हे कळणार नाही. एका दिवसाने काय झाले असते, हेही कळणार नाही. लोक अशा वेळी रडतात. मला रडू आले नाही. मी घरी येऊन कुकर लावला, तीन शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशीही तेच केले. तिखट मनोहरभाऊंनी घरोघर वाटले. माझ्या वाट्याचे मी रोज वापरते. फेऱ्या मारायला जाते, पाच मारते. कोणी विचारले, कशा आहात, तर बरी आहे असे सांगते. त्यात खोटे काही नाही. मला दुसरे काही जाणवतच नाही.

हे लिहिणे इथेच थांबले असते. पण मागच्या आठवड्यात मनोहरभाऊ आले. त्यांनाही मधुमेह आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ते दारातच उभे राहिले, आणि त्यांच्या हातात घडीचा कागद होता.

"मॅडम, माही गोळी बदलली. दुकानवाला म्हणते, नाव दुसरं, पण तिच्यावाणीच हाय."

मी पाहिले. त्याच गटातली होती.

"डॉक्टरले सांगतलं मी, आमच्या घरी असं असं झालं म्हणून. त्याइनं पोटाची सोनोग्राफी केली, खडे गिडे पायले, दारू पिता का विचारलं. म्हणे, तुमाले चालते, किडनीच्या मानानं हेच बरी. भेव वाटत असन तर दुसरी देतो म्हणे, पण तिचेही आपले त्रास हायेत. मी म्हणलं, मॅडम लिवून देतीन तर घेईन. नाई तर कायीच नाई घेत."

"काहीच न घेऊन कसे चालेल?"

"चालते तोपर्यंत चालते."

मी त्यांना बसायला सांगितले. मग मी भिंतीकडे पाहत सांगितले, की मागच्या वेळी मी एक ओळ लिहिली नव्हती. कोणती ओळ, तेही सांगितले. करंगळीचे सांगितले. सोमवारचे सांगितले, तुम्ही विचारले होते आणि मी ‘पाहून सांगते’ म्हणाले होते, हे सांगितले. चिठ्ठीचेही सांगितले. एवढे सलग मी कोणाशीच कधी बोलले नव्हते.

मनोहरभाऊंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "सोमवारी मी घरीच होतो, मॅडम. मले बी दिसत होतं, ती वाकून बसून राहिली म्हणून. मीच चक्कीवाल्याले फोन करून नंबर लावला."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमी लिवलं असतं, तर ती गेली असती का दवाखान्यात?"

"मला ठाऊक नाही."

"मले बी नाई." ते कागदाची घडी घालत-उलगडत राहिले. ‘जाऊ द्या’ असे ते म्हणाले नाहीत. ‘तुमची चूक नाही’ असेही म्हणाले नाहीत. मी त्याची वाट पाहत होते, हे मला तेव्हाच कळले. शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "आता लिवा. माह्यासमोर लिवा. मले समजलं पायजे."

मी पान आखले. चौथ्या रकान्यात लिहिले: ‘स्वादुपिंडाचा तीव्र दाह उद्भवल्यास औषध त्वरित बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.’ त्यांनी वाचले. "हे तुमच्या परीक्षेतलं झालं. उद्भवते कुठून, पोटातून का डोक्यातून?"

मी खोडले. दुसऱ्या वेळी लिहिले, की या गोळीने पोटातील एका अवयवाला जीवघेणी सूज येऊ शकते. त्यांनी पान परत सरकवले. "मंग मी हे घेतच नाई. कायले घेऊ?"

तिसऱ्या वेळी मी पुष्कळ सौम्य लिहिले. ते वाचून म्हणाले, "म्हणजे दोन-चार दिवस वाट पाहाची, असंच ना?"

तुम्ही इथे असता, तर तुम्हाला हसू आवरले नसते. आपला सहा वर्षांचा वाद त्या माणसाने तीन कागदांत माझ्यापुढे मांडून दाखवला. कमी सांगितले तर माणूस घरी बसून राहतो, जास्त सांगितले तर औषध सोडतो. तुम्ही म्हणायच्या, माणूस पाहून सांगा. मी म्हणायची, सगळे सांगा. दोन्ही एका वाक्यात बसवायचे, तर ते किती अवघड असते, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण आपण तसे कधी लिहून पाहिलेच नाही.

चौथे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मनोहरभाऊ ते दोनदा वाचून ‘हं’ म्हणाले आणि पान घेऊन गेले. गोळी त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सुरू केली आहे. पण त्या ‘हं’चा अर्थ मला लागलेला नाही, आणि तुम्हाला विचारण्याची सोय राहिलेली नाही. म्हणून ज्यांना मी ओळखत नाही, त्यांच्यापुढे ते ठेवते आहे. या लेखाचे एवढेच प्रयोजन आहे; बाकी सारे मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोलू शकले असते.

वाचकहो, चौथ्या रकान्यातले वाक्य असे आहे: ‘गोळी रोज घ्या, साध्या तक्रारीसाठी आपल्या मनाने बंद करू नका, पण छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ आली, ती थांबेना, पाठीत जाऊ लागली, किंवा तिच्याबरोबर उलट्या होऊ लागल्या, तर पुढची गोळी घेऊ नका, घरचे उपाय करत बसू नका, हातातले काम टाकून त्याच तासाला दवाखान्यात जा आणि ही गोळी चालू असल्याचे तिथे सांगा.’

हे वाचून, गोळी केव्हा घ्यायची आणि दवाखान्यात केव्हा जायचे, ते तुम्हाला कळले का?